काका थांबले ती जागा

सकाळी सव्वासातला राठोड गुरुजींचा फोन आला. गुरुजींचा फोन म्हणजे आधी तब्येतपाणी, मग तुरीचं काय झालं, मग एसटीला किती गर्दी होती, आणि सगळ्यात शेवटी मुद्दा. त्या दिवशी त्यांनी एकदम विचारलं, "याडी, तुमच्या घरामागं बाभूळ आहे न अजून?" गोरबोलीत, म्हणजे बंजारा लोकांच्या भाषेत, आईला याडी म्हणतात, आणि माया आली की लेकीच्या वयाच्या मुलीलाही. मी हो म्हटलं. "त्याची हिरवी डहाळी तोडून ठेव. काटे काढजो सारे. मी पहिल्या गाडीनं निघून राह्यलो." फुलसावंगीहून यवतमाळला यायला त्यांना तीनेक तास लागतात. बाभळीची डहाळी मागितली म्हणजे त्यांच्या संघटनेतलं, लॉजमधलं, कुणीतरी गेलं, एवढं मला कळलं. दोन-तीन म्हाताऱ्यांची नावं मनात येऊन गेली. मनोहरकाका दवाखान्यात होते, तरी त्यांचं आलं नाही, कारण डहाळी तोडायचं आणि काटे काढायचं काम काकांचंच होतं. "कोण गेलं, गुरुजी?" मी विचारलं. "मनोहर गेला न, बेटा. नागपूरच्या दवाखान्यात. पहाटे."

त्याला आता दीड महिना झाला. मनोहर चिंचोळकर आमचे शेजारी. आमच्या फाटकापासून त्यांच्या ओसरीच्या पायरीपर्यंत माझी चौतीस पावलं होतात आणि त्यांची सव्वीस व्हायची. हे मला ठाऊक आहे कारण त्यांनी मला एकदा मोजायला लावलं होतं. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. मोजणी ऑफिसची साखळी घेऊन ते महागावपासून मुकुटबनपर्यंत जिल्हाभर बांध धरून चालले. निवृत्त झाले तरी पाऊल तसंच एका मापाचं पडायचं. भाजी आणायला निघाले तरी वाटायचं, हे कोपऱ्यापर्यंतचं अंतर नोंदवणार आहेत. महिन्यातून एका शनिवारी मात्र ते पांढराशुभ्र शर्ट आणि काळा कोट घालून, हातात एक चपटी काळी पेटी घेऊन निघायचे, आणि काकू ओसरीतून म्हणायच्या, "निघाले जादूघरात."

आमच्या गावात फ्रीमेसन लोकांचं जुनं लॉज आहे. एकमेकांना बंधू मानणाऱ्या पुरुषांची ही फार जुनी संघटना. वकील, डॉक्टर, व्यापारी, मास्तर असे वीस-बावीस जण महिन्यातून एकदा जमतात, दार लावून काही विधी करतात, मग बाहेरच्या हॉलमध्ये एका पंगतीला जेवतात. वर्षभर शाळांमधून चष्मे वाटणं, कुणाच्या दवाखान्याच्या खेपा करणं, हेही चालतं. पण त्या लावलेल्या दारामुळे गावानं त्या कौलारू इमारतीचं नाव जादूघर ठेवलं. रिक्षावाल्याला आजही तेच नाव सांगावं लागतं. लहानपणी आम्ही मुलं तिच्या फाटकासमोरून पळत जायचो. मी एकदा धीर करून काकांना विचारलं होतं, आत काय करता? काका म्हणाले, "पाठांतर." मला वाटलं, सांगायचं नाही म्हणून काहीतरी म्हणाले. ते अगदी खरं होतं. त्यांचे सगळे विधी तोंडपाठ म्हणायचे असतात, जुन्या वळणाच्या इंग्रजीत, आणि काका त्या बाबतीत फार कडक होते. एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना चालायचा नाही. बायकांना आत प्रवेश नाही. काकू तीस वर्षं त्या हॉलमध्ये डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात वाढत आल्या, पण दाराच्या पलीकडची फरशी त्यांनी पाहिली नव्हती. "आमच्या हातचे गोळे आत जातात तुमच्या पोटातून, आम्ही नाही," असं त्या भर पंगतीत म्हणायच्या आणि बंधू लोक खाली बघून ताक प्यायचे.

मी पुण्याहून परत आले तेव्हा माझं काही बरं चाललं नव्हतं. तीन मुलाखतींना गेले आणि तिन्ही वेळा प्रश्न समजला, उत्तर माहीत होतं, आणि तोंडातून शब्द आला नाही. घरी कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं, आणि सगळे बोलत नाहीत हे मला दिसत होतं. एका रविवारी काकांनी फाटकावरून हाक मारली. म्हणाले, मला एक माणूस हवा आहे, समोर पुस्तक धरून बसायला. त्यांच्या हातात एक निळ्या कापडी बांधणीचं छोटं पुस्तक होतं. लॉजमध्ये नवा सभासद आला की विधीच्या शेवटी त्याला एक उपदेश करतात, छापील दोन पानांचा. तो करायचं काम अनेक वर्षं काकांकडे होतं. दर वेळी आधी महिनाभर ते सराव करायचे, पण आता एकट्यानं म्हणताना चुकलेलं कळत नव्हतं. मी विचारलं, "मी वाचलेलं चालतं का? मी तर..." ते म्हणाले, "हा उपदेश कुणीही वाचावा. गुपित आहे तिथं टिंबं आहेत." खरंच, पुढच्या पानांवर शब्दांच्या जागी नुसती टिंबं छापली होती. त्या टिंबांबद्दल मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, त्यामुळेच आमचं जमलं.

नियम एकच होता. काका थांबले तरी मी शब्द सांगायचा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तरच सांगायचा. पहिल्या रविवारी ते एका वाक्यानंतर जरा थांबले आणि मी घाईनं पुढचा शब्द पुरवला. त्यांनी हात वर केला. "मी विसरलो नव्हतो, श्वास घेत होतो. माणूस शोधत असतो तेव्हा त्याच्या हातात आणून देऊ नये. त्याला ते सापडणारच असतं." मग जरा वेळानं म्हणाले, "तुला का बोलावलं ठाऊक आहे? तू कमी बोलतेस. जास्त बोलणारा माणूस मधेच सांगून टाकतो." कमी बोलण्याबद्दल तोवर मला शाळेत, नातेवाइकांत, मुलाखतींत फक्त सल्ले मिळाले होते. त्यासाठी कुणी बोलावणं पहिल्यांदाच धाडलं होतं.

मग दर रविवार असाच जाऊ लागला. काका ओसरीत उभे, हात मागे बांधलेले. मी वेताच्या खुर्चीत, ओळीवर बोट. ते थांबायचे त्या जागी मी पेन्सिलीनं बारीक रेघ करायचे, श्वासाची. उच्चाराबद्दल ते मला विचारायचे, कारण माझी शाळा इंग्रजी. अर्थाबद्दल मी त्यांना विचारायचे, कारण ते इंग्रजी माझ्या शाळेतलं नव्हतं. कधी लॉजमधलं कुणी गेलेलं असलं तर सराव बाजूला राहायचा आणि काका नेलकटर घेऊन बाभळीच्या डहाळीचे काटे काढत बसायचे. त्यांच्यात निरोप देताना हिरवी डहाळी ठेवायची रीत आहे, आणि पुस्तकात ज्या झाडाचं नाव आहे ते बाभळीच्याच जातीचं. "मोठ्या शहरातले बंधू कुठून कुठून पानं मागवतात म्हणे. आपल्याकडे काय तोटा," असं म्हणत ते एकेक जोडकाटा मुळाशी कापायचे आणि मग डहाळीवरून उलटसुलट अंगठा फिरवून बघायचे. ठेवणाऱ्याच्याही बोटाला काही लागायला नको, हे त्यांचं म्हणणं.

राठोड गुरुजींची आणि माझी ओळख त्याच ओसरीतली. फुलसावंगीजवळच्या तांड्यातले ते निवृत्त शिक्षक. तरुणपणी काका त्यांच्या तांड्याची जमीन मोजायला गेले होते, चार दिवस त्यांच्याच घरी जेवले, आणि पुढं काही वर्षांनी त्यांना लॉजमध्ये घेऊन आले. गुरुजींना इंग्रजी पाठांतराची धास्ती. म्हणून त्यांनी टायलरचं काम मागून घेतलं. टायलर म्हणजे विधी चालू असताना दाराबाहेर तलवार घेऊन बसणारा राखणदार. गुरुजी तलवार मांडीवर ठेवून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात. काका त्यांना चिडवायचे, "रामधन, किती वर्षं बाहेर बसशील? मी तुले आत आणलं होतं." गुरुजी म्हणायचे, "मी बाहेर बसतो म्हनून तुम्ही आत निवांत बसता, सायब."

गेल्या वर्षी श्वासाच्या रेघा वाढू लागल्या. आधी मला वाटलं, काका जास्त दमताहेत. मग एका रविवारी त्यांनी एकाच वाक्यात दोनदा माझ्याकडे पाहिलं. त्यानंतरच्या रविवारी पाचदा. मी फक्त शब्द सांगायचे, जेवढा हवा तेवढाच, आणि पुन्हा खाली बघायचे. एक जागा विशेष होती, दुसऱ्या पानाच्या सुरुवातीची. तिथं ते हमखास अडकत. मुकुटबनचा एक तरुण जनावरांचा डॉक्टर सभासद होणार होता, त्याला उपदेश करायचा होता. काकू एकदा मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, "पुस्तक बघून वाचा म्हटलं तर जेवले नाहीत दोन वेळा. तू सांगून बघ." मी मान हलवली. सांगितलं नाही.

डॉक्टर सभासद झाला त्या शनिवारी जेवणाला घरच्यांनाही बोलावलं होतं. हॉलमध्ये काकू पंगतीची ताटं मांडत होत्या आणि मी पाण्याचे तांबे भरत दाराच्या जवळ जवळ सरकत होते. दारावरचं तावदान उकाड्यामुळे उघडं होतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "इथं थांबाचं नसते, याडी. पन तू वर्सभर पुस्तक धरलं... तिकडं तोंड करून बस." मी दाराकडे पाठ करून बसले. आतून काकांचा आवाज येत होता, स्वच्छ, एका मापाचा. पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानाची ती जागा आली आणि आवाज थांबला. मी मनात श्वास मोजला. एक, दोन. मग कळलं की हा श्वास नाही. शब्द माझ्या ओठांवर होता. आत त्यांच्यापैकी शब्द सांगणारा कुणी नेमलेला असतो, पण काका त्याच्याकडे बघत नसणार, आणि मी त्यांना दिसत नव्हते. मी उठले. गुरुजींनी तलवार आडवी धरली, अगदी हळू, फाटकाच्या दांड्यासारखी. "थांब. उभा आहे तो अजून."

आणि मग काका बोलले. मराठीत. त्या खोलीत विधी चालू असताना मराठी कधी बोलली गेली नव्हती. "बाबू," ते त्या मुलाला म्हणाले, "बांध मोजाचा तर साखळी दोन्ही टोकांनी सारखी ताणाची. आपल्या शेतात एक ताण आन दुसऱ्याच्या शेतात दुसरा, असे धरणारे तुले लय भेटतीन. तू तसा धरू नको. कोणी पाहून राह्यलं असो का नसो." असं ते मिनिटभर बोलले असतील. शेजाऱ्याबद्दल, दिलेल्या शब्दाबद्दल, आपण कुठं उभे आहोत ते आधी नीट बघून घेण्याबद्दल. पुस्तकातला अर्थ तोच होता, मला पाठ होता. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता. "हे मले सांगतलं होतं त्यानं," ते म्हणाले. "आमच्या शेताच्या धुऱ्यावर बसून. मले इंग्रजी समजत नव्हतं म्हनून... तेच शब्द आहेत हे."

दार उघडल्यावर काका सरळ माझ्याकडे आले. "चल, घरी सोड." गोळाभाताच्या पंगतीला न बसता ते लॉजमधून कधी निघाले नव्हते. स्कूटरवर मागे बसून त्यांनी विचारलं, "किती वेळ थांबलो होतो मी?" मी म्हटलं, "जास्त नाही, काका." ते म्हणाले, "जास्त नाही म्हणजे थांबलो होतो." दोन दिवसांनी लॉजमधल्या एका ज्येष्ठ सभासदाचा फोन आला. बोलणं अगदी प्रेमाचं होतं. तुमचं वय झालं, पुढच्या वेळी खुशाल पुस्तक बघून वाचा. काकांनी हो, हो म्हटलं, फोन ठेवला, निळं पुस्तक काळ्या पेटीत टाकलं आणि पेटी कपाटाच्या वर ठेवली. रविवारी मी गेले तर ते वर्तमानपत्र वाचत होते. त्याच्या पुढच्या रविवारीही. "मी ते काम बिघडवलं," एवढंच एकदा म्हणाले, कुणाला उद्देशून नाही.

मला गुरुजींकडून वेगळंच कळलं होतं. त्या रात्री जेवताना तो जनावरांचा डॉक्टर गुरुजींना म्हणाला होता, की इंग्रजीतलं अर्धं माझ्या डोक्यावरून गेलं, पण ते साखळीचं मी घरी जाऊन बाबांना सांगणार आहे. "हे तू सांग त्याले," गुरुजी फोनवर म्हणाले. "माझं आयकणार नाही. म्हनीन, रामधन माझ्याच बाजूचा." मी तीन रविवार सांगायचं ठरवून गेले आणि चहा पिऊन आले. वाक्य मनात पूर्ण तयार असायचं. काका पान उलटायचे, मी कपाकडे बघायचे. मला काही सांगायचंय हे काकूंनी ओळखलं होतं; त्यांनी एकदा नुसतं विचारलं, "आजही नाही?"

चौथ्या रविवारी मी स्टूल घेऊन कपाटावरची पेटी काढली. पुस्तक काकांच्या हातात दिलं, त्यांच्या जागी ओसरीत उभी राहिले, हात मागे बांधले आणि उपदेश म्हणायला सुरुवात केली. मला तो पाठ झाला होता, नुसत्या ऐकण्यानं. पहिली दोन वाक्यं माझी मलाच ऐकू आली नसतील. काकू आतून येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकलवरून वळून बघत होता. मी पहिलं पान संपवलं, दुसऱ्या पानाच्या त्या जागेपर्यंत आले, आणि थांबले. काकांनी वाट पाहिली. ते शब्द सांगणार नव्हते, त्यांचाच नियम. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पुस्तकात बघून पुढचा इंग्रजी शब्द सांगितला. मी मान हलवली. "तो नाही, काका. तुम्ही म्हणालात तो."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ते तर रामधनले सांगितलेलं होतं." मी डॉक्टरचं सांगितलं. दारामागून ऐकलं हेही सांगितलं, गुरुजी चष्मा पुसत होते हेही. एकदा बोलायला लागल्यावर मी बरंच बोलले असणार, कारण काकूंनी मधेच पाणी आणून दिलं. काका हसत नव्हते, पण पुस्तकावरचा त्यांचा अंगठा उलटसुलट फिरत होता, डहाळीवर फिरायचा तसा. "एवढा आवाज कुठं ठेवला होतास?" त्यांनी विचारलं. आणि मग काकूंकडे वळून, "पेटी वर ठेवू नका आता. हाताशी असू द्या."

पुढच्या सभेला ते गेले. आत बसले नाहीत. दाराबाहेर गुरुजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि दोघांनी मिळून शब्दकोडं सोडवलं. पंगतीत त्यांनी गुरुजींना सांगितलं, पुढचा उपदेश तू करायचा. गुरुजी म्हणाले, "माझं इंग्रजी आयकून पोट्टं पळून जाईन, सायब." काका म्हणाले, "अर्धंच इंग्रजी आहे." त्या ज्येष्ठ सभासदांनी ताटातून वर पाहिलं आणि काकूंकडे आणखी एक गोळा मागितला. त्यानंतर महिनाभरातच काकांना नागपूरला न्यावं लागलं.

डहाळीचे काटे मी त्यांच्याच नेलकटरनं काढले. पहिल्यांदाच काढत होते, दोन बोटांना लागलं. गुरुजी आले तेव्हा अंगण भरलं होतं. पांढरे हातमोजे घातलेले बंधू एका रांगेत उभे राहिले आणि एकेकानं पुढं होऊन काकांच्या छातीवर हिरवा तुकडा ठेवला. मागं एक मावशी कुजबुजल्या, "बाभूळ काहून ठेवून राह्यले हे? काट्याचं झाड." काकूंनी वळूनही न बघता सांगितलं, "काटे काढलेले आहेत." गुरुजी सर्वांत शेवटी होते. त्यांनी हातमोजा काढून डहाळीवरून अंगठा फिरवला, आधी वर, मग खाली, आणि मगच ठेवली. लॉजमध्ये नंतर सभा झाली, हॉलमध्ये, घरच्यांसाठीही. मला बोलायला सांगितलं होतं. जमलं नाही. म्हणून हे लिहिलं.

आता रविवारी गुरुजी येतात. पुढच्या महिन्यात आणखी एक तरुण लॉजमध्ये येतो आहे, आणि मराठीतलं चालेल का यावर अजून पुरतं ठरलेलं नाही. गुरुजींनी मात्र सराव सुरू केला आहे. साखळीच्या पुढचं वाक्य काका नेमकं काय म्हणाले यावर आमचे मतभेद आहेत. ते म्हणतात आधी शेजारी, मी म्हणते आधी शब्द. काकू म्हणतात, दोघंही दाराबाहेर होतात, भांडू नका. गुरुजी ओसरीत उभे राहतात, हात मागे बांधून. इंग्रजी अजून अडखळतं, पण दुसऱ्या पानापर्यंत पोचतात. त्या जागी पुस्तकात माझी पेन्सिलीची रेघ आहे, इतक्यांदा गिरवलेली की कागद पातळ झाला आहे. गुरुजी तिथं थांबतात. पुढचं त्यांना येतं, मला माहीत आहे. ते माझ्याकडे बघत नाहीत. आतला कपबश्यांचा आवाजही तेवढा वेळ बंद असतो. मी ओळीवर बोट ठेवून बसून राहते.